टेन्शन कितीवर ठेवता?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. चवथीला गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी बघायला आलेल्या वहिनी विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली विचारते. परवा दाताच्या डॉक्टरकडे माझ्या गालात कापसाचा बोळा होता, तेव्हाही एकीने विचारलंच: "काकी, गोधडीला दोरा कुठला घेता? आणि टेन्शन कितीवर ठेवता?"

मी "चारावर" म्हणते आणि सुटते. ते खोटं नाही. माझ्या विजेच्या मशीनवरची टेन्शनची, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवायची, आकड्यांची चकती बहुतेक चारच्या आसपासच असते. पण महिन्याभराने त्याच बाईचा फोन येतो, "काकी, तुम्ही सांगितलं म्हणून चारावर ठेवलं, तर खाली नुसती दोऱ्याची जाळी!" म्हणजे दोष माझा.

अगं, तो माझ्या मशीनचा चार आहे. माझ्या दोऱ्याचा, माझ्या कापडाचा. आईच्या काळ्या पायमशीनवर तर आकडेच नाहीत, नुसती फिरकी आहे. त्यावर शिवणारीला मी काय सांगू, अर्धा वळसा? कुठून अर्धा?

आणि खाली जाळी आली की तुम्ही सगळ्या बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाच्या, मागे का लागता, ते मला कळत नाही. खालची जाळी वरच्या दोऱ्याची असते. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली टाकून दोरा ओवला, की वरच्या दोऱ्याला चिमटून ताण देणाऱ्या आतल्या दोन चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही, वरच्यावर तरंगत राहतो. मग चारावर ठेवा नाहीतर नवावर. फूट उचला, पुन्हा ओवा. उलट, गोधडीच्या वरच्या अंगाला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसायला लागले, तर वरचा ताण जास्त झालाय, तो थोडा सैल करा. बॉबिन जिच्यात बसते ती केस काढता येत असेल तर दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवायची. नुसती धरली तर घसरता कामा नये, हलका झटका दिला की दोन बोटं खाली यावी. एवढं जमलं की तिच्या त्या एवढ्याशा स्क्रूला पुन्हा हात लावू नका. मी लावते, पण मला खोड आहे.

आकड्यांनीच घोळ केलाय, हे मला मान्य आहे. सुईचा आकडा वाढला की सुई जाड होते आणि दोऱ्याचा आकडा वाढला की दोरा बारीक. चाळीसचा दोरा म्हणजे चाळीस किलोमीटर दोऱ्याचं वजन एक किलो. पन्नासचा त्याहून बारीक, कारण किलोभर व्हायला पन्नास किलोमीटर लागतात. सुईच्या पाकिटावर 90/14 असतं, त्यातला नव्वद म्हणजे सुईची जाडी, 0.90 मिलिमीटर. अकरा नंबरची 0.75, सोळाची पुरी एक मिलिमीटर. हा एक मिलिमीटर लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

2015 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली. तिची तीन सुती लुगडी राहिली होती: एक जांभळं, एक हिरवं, एक मोरपंखी. म्हापशाच्या माझ्या धाकट्या बहिणीला नात झाली, तेव्हा ती म्हणाली, "आईच्या लुगड्यांची गोधडी कर, बारशाला." तिच्याकडची दोन तिने दिली. तिसरं माझ्याकडे होतं, ते मी काढलं नाही. का काढलं नाही, ते आता आठवत नाही. आठवतं, पण ते राहू दे.

विजेचं मशीन तेव्हा नवं होतं, घेऊन सहा महिने झाले असतील. मला दुकानातल्यासारखी गोधडी करायची होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून भरतकामाचा पॉलिएस्टरचा चकचकीत दोरा आणला. काम जाड म्हणून सुई सोळा नंबर. तीही नवी नव्हे, आधी जीनचे गुडघे शिवलेली. आणि टीप बारीक, दीड मिलिमीटरवर. बारीक टीप म्हणजे पक्की टीप, हे आईनेच शिकवलेलं. पण ते पोलक्यांसाठी शिकवलं होतं आणि मी लावलं गोधडीला. अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळी मारल्या. बारशाला सगळ्यांनी हात फिरवून बघितली. कोणीतरी विचारलंही, "विकत आणली?" त्यावर मी केवढी खूष झाले, हे सांगायलाही आता लाज वाटते.

चवथीच्या आधी मी बहिणीकडे होते. दोन दिवस पाऊस उघडला होता म्हणून तिने गोधडी धुतली आणि मागच्या पडवीतल्या दोरीवर टाकली. दुपारी पुन्हा अंधारून आलं. ती धावत गेली आणि गोधडी ओढली. पाणी पिऊन जड झालेलं कापड, एक टोक दोरीवर अडकलेलं. पावतीपुस्तकातून पावती फाडावी, अगदी तसा आवाज आला. गोधडी मधोमध टिपेवरून फाटली. पुढच्या टिपेवरून दुसरी पट्टी निघाली. बहिणीच्या हातात जांभळा तुकडा होता, बाकीचं दोरीवर. ती म्हणाली, "आईचं होतं ते." एवढंच. आणि आत जाऊन आदोळीवर नारळ खवायला बसली.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "कापडच जुनं होतं गं."

हे वाक्य बोलायला नको होतं. खोटं नव्हतं. लुगडं कंबरेला खोचतात तिथे आणि टाचेशी झिजतं. कापड उजेडात धरून अंगठ्याने दाबलं असतं, तर कळलं असतं. मी दाबलं नव्हतं. चाचणीचा तुकडासुद्धा शिवला नव्हता. आईच्या लुगड्याचा तुकडा चाचणीत कुठे वाया घालवायचा, म्हणून चाचणी केली जुन्या चादरीवर. चादरीवर सुरेख आली.

तुकडे पिशवीत भरून फोंड्याला घरी आणले आणि रात्री बसून सगळी टीप उसवली. दोऱ्याला काही झालं नव्हतं. पुन्हा रिळावर गुंडाळता आला असता, इतका शाबूत. मग पट्टी घेऊन हिशोब केला. एक मिलिमीटर जाडीची बोथट सुई, दर दीड मिलिमीटरला एक भोक. दोन भोकांच्या मध्ये कापड उरलं अर्धा मिलिमीटर. इंचाला सतरा भोकं, आणि तशा चाळीसेक ओळी.

दुसऱ्या दिवशी मशीनच्या पेटीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली: पॉलिएस्टर बंद. तीन वर्षं पाळलं. जो विचारेल त्याला सांगितलं, पॉलिएस्टर सुती कापडाला कापतं. तुमच्यापैकी काही जणी अजून माझ्याच तोंडचं हे वाक्य मलाच ऐकवतात.

मग काळं मशीन तेलपाण्यासाठी मशीन दुरुस्त करणाऱ्या मेस्तांकडे नेलं, तेव्हा त्यांना फाटकी पट्टी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "दोऱ्यान कितें केलें? सूय पळय." म्हणजे सुई बघ. मला राग आला. बसमध्ये बसल्यावर तो ओसरला, कारण हिशोब तर मीच केला होता. चिठ्ठीत मात्र सुईचं नाव नव्हतं, टिपेचं नव्हतं, माझं तर नव्हतंच. दोऱ्याला दोष देणं सोपं होतं, तो बाजारातून आला होता.

तरी दोरा अगदी निर्दोष, असंही मी म्हणणार नाही. दोरा कापडापेक्षा नरम असला तर ओढाताणीत आधी दोरा तुटतो, आणि तुटलेली टीप पुन्हा घालता येते. म्हणून जुन्या लुगड्यांना मी पन्नासचा सुती दोरा घेते, सुई अकरा, टीप तीन मिलिमीटर म्हणजे इंचाला आठ टाके, ओळी दोन इंचांवर. आता हे वाचून कोणी म्हणेल, मग सुतीच बरा. माझ्या सुनेला विचारा. तिला नव्या कापडाची गोधडी सुती दोऱ्याने करून दिली, ती दर आठवड्याला वॉशिंग मशीनमध्ये टाकते आणि दर चवथीला तुटलेल्या टिपा मला दाखवते. तिची पुढची पॉलिएस्टरने करणार आहे. चिठ्ठी अजून काढलेली नाही.

आपल्याकडच्या पावसात सुती दोरा कुजतो म्हणतात, तेही अर्धंच खरं. सुती दोरा ओला झाला की उलट जास्त ताकदीचा होतो. ओला तसाच चार महिने कपाटात राहिला, तर बुरशी त्याला खाते. भिजल्यावर खरंच कमजोर होतो तो रेयॉनचा दोरा. तो उशीच्या अभ्र्यावरच्या फुलांना ठेवा.

"मग हातानेच शिवा ना," असंही सांगतात. बरोबर आहे त्यांचं. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले कितीतरी आफ्रिकी लोक घाट चढून पळाले. त्यांचे वंशज, सिद्दी लोक, आज कर्नाटकात यल्लापूर-हळियाळकडे आहेत. त्यांच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, सगळी हाताने, जाड सुती दोऱ्याने. कडेपासून सुरू करून धावदोरा घालत मध्यावर येतात आणि चारही कोपऱ्यांना कापडाचे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. मशीनवर हे उलटं होतं. मशीनचे दाते खालचं कापड वरच्यापेक्षा भरभर ढकलतात, कडेपासून निघालात तर मध्यावर फुगा येतो. म्हणून मध्यापासून बाहेर जायचं, वीतभराच्या आतच पिना लावायच्या आणि फुटाचा दाब कमी करायचा. वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही खालच्यासोबत पुढे सरकवणारा फूट, असेल तर तो लावा. माझी बोटं आता हाताच्या धावदोऱ्याला साथ देत नाहीत, म्हणून मशीन. यावर वाद नको.

बहिणीची ती नात आता शाळेत जाते. मागच्या महिन्यात बहिणीने फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "ते मोरपंखी लुगडं आहे ना तुझ्याकडे?" आहे म्हटलं. "मग?" म्हणाली.

लुगडं पलंगावर उलगडून ठेवलंय. उजेडात धरून पाहिलं, कंबरेपाशी विरलंय, पदराकडे बरं आहे. अकराची नवी सुई लावली, पन्नासचा दोरा ओवला, फूट उचलून. चकती कितीवर ठेवायची ते याच कापडाच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर बघायला हवं, चादरीवर नाही. कात्री घेऊन दोनदा बसले. अजून कापलेलं नाही.