पोटावरचा लाल चट्टा

१४ मे, नाशिक

दुपारी गंगापूर रोडवर उभं राहवत नाही असं ऊन. पोटावर घामोळं उठायचे हे दिवस. ज्या गरोदर बायका रोज पोटात रक्त पातळ करायची हेपॅरिनची सुई घेतात, त्यांची गल्लत होते ती इथेच. घामोळं परकराच्या नाडीच्या रेषेत बारीक पुटकुळ्यांनी पसरतं. हेपॅरिनची ॲलर्जी सुई टोचली तिथेच बसते: रुपयाएवढा, कधी तळहाताएवढा लाल, जाडसर चट्टा, आणि खाज अशी की रात्री डोळ्याला डोळा नाही.

तो बहुधा पहिल्या दिवशी येत नाही. सुया सुरू झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतो. काळानिळा डाग वेगळा. तो सपाट असतो, खाजत नाही, पिवळा पडून जातो. बऱ्याचदा टोचल्यावर जागा चोळली म्हणून होतो. बेंबीपासून ५ सेंटिमीटर सोडून कातडीची घडी चिमटीत धरावी, सुई सरळ उभी घालावी, औषध संपेपर्यंत घडी सोडू नये.

चट्ट्याला घाबरून मनानेच सुई बंद करणं चट्ट्यापेक्षा वाईट. ज्यासाठी सुई असते तो रक्ताच्या गुठळीचा धोका तर बाळंतपणानंतरचे ६ आठवडे आणखी वाढतो. डॉक्टर आधी हेपॅरिनचाच प्रकार बदलून, एनॉक्सापॅरिनऐवजी डाल्टेपॅरिन देऊन पाहतात. पण ही दोन्ही डुकराच्या आतड्यातून काढलेली, सख्खी भावंडं (हे ऐकून काही घरांत चेहरे पडतात, आधीच सांगितलेलं बरं). त्यामुळे चट्टा पुन्हा उठू शकतो. मग फोंडापॅरिनक्स, रक्त पातळ करणारीच दुसरी सुई. ते कृत्रिम, सहसा सोसतं. मात्र हेपॅरिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही आणि हे थोडं जातं, म्हणून पहिली पसंती नाही. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी सोपी वाटते, पण गरोदरपणाच्या ६ ते १२ आठवड्यांत ती बाळाच्या नाकाची, हाडांची घडण बिघडवू शकते.

अंगभर गांधी, ओठांना सूज, धाप लागली तर सकाळची वाट पाहायची नाही. टोचल्या जागी दुखरा डाग काळा पडत चालला तरीही नाही, त्यातून सुया सुरू झाल्यापासून ५ ते १० दिवसांच्या टप्प्यात असेल तर मुळीच नाही. तेव्हा रक्तातल्या प्लेटलेट मोजायच्या, कारण कधी हेपॅरिनच त्या पाडतं. गरोदरपणात त्या थोड्या उतरतातच. पण आधीच्या आकड्याच्या निम्म्यावर आल्या तर हेपॅरिनवरचा संशय पक्का धरून हेपॅरिन पूर्ण बंद, सलाइनची नळी धुवायलाही नाही, आणि त्याच दिवशी दुसरं औषध.

चट्ट्याच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून तारखेसह फोटो काढून ठेवावा. ओपीडीत नंबर लागेपर्यंत तो मावळलेला असतो.