गोठवलेल्या तुकड्यात ग्लोमेरुलसच नव्हता

किडनीची बायोप्सी लॅबमध्ये आली की तिचे वाटे पडतात. मोठा वाटा फॉर्मॅलिनमध्ये जातो आणि तिथून मेणाच्या ब्लॉकमध्ये. दुसरा तसाच ताजा गोठवायचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून काय साचलंय ते बघायला. उरलंच तर कणभर ग्लुटरअल्डिहाइडमध्ये टाकून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी ठेवायचं. नमुना असतो जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, त्यामुळे कोणत्या टोकाला कॉर्टेक्स (किडनीचा बाहेरचा थर) आहे आणि कोणत्या टोकाला मेडुला (आतला भाग), हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणं अवघड. रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ, म्हणजे ग्लोमेरुलस, असतात फक्त कॉर्टेक्समध्ये. गोठवलेला तुकडा निव्वळ मेडुलाचा निघाला तर त्यावर कितीही अँटिबॉडी ओता, ग्लोमेरुलसमध्ये काय साचलंय ते कळणार नाही.

या केसमध्ये नेमकं तेच झालं. फॉर्मवर लिहिलेलं होतं: पायांवर सूज, लघवीतून दिवसाला ३.५ ग्रॅमच्या वर प्रोटीन. ग्लुटरअल्डिहाइडचा वाटा काढायला नमुना पुरलाच नव्हता. सगळी भिस्त मेणातल्या ब्लॉकवर.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी सांगितलं, "ब्लॉकला हात लावायच्या आधी काय काय लागणार ते लिहून काढ." त्याला कारण आहे. ब्लॉक मायक्रोटोमवरून (पातळ काप काढणाऱ्या यंत्रावरून) उतरवून पुन्हा चढवला की पृष्ठभाग सपाट करण्यात टिश्यू वाया जातो, आणि किडनीच्या सुईबायोप्सीत वाया घालवण्याएवढं काही नसतंच. म्हणून एकाच बैठकीत २ ते ३ मायक्रॉनच्या कापांची, म्हणजे सेक्शनची, सलग रिबन काढली. मधल्या मधल्या काही स्लाइड न रंगवता नंबर टाकून बाजूला ठेवल्या, त्याही चार्ज केलेल्या काचेवर, म्हणजे पुढे एन्झाइम किंवा उकळत्या बफरमध्ये सेक्शन सुटून येणार नाही. काँगो रेडचा जाड सेक्शन सगळ्यात शेवटी. तो ८ ते १० मायक्रॉनचा घ्यावा लागतो. काँगो रेड ज्यासाठी लावतात ते अमायलॉइड (टिश्यूत साचणारं बिघडलेलं प्रोटीन) पातळ सेक्शनमध्ये थोडंसंच असेल तर नजरेतून निसटतं.

एच अँड ई, म्हणजे नेहमीचा पहिला रंग, झाला. त्यात ग्लोमेरुलस पुरेसे होते, पण बघायला जवळजवळ नॉर्मल. पास (पीएएस) रंगाने मेसँजियम, म्हणजे ग्लोमेरुलसमधल्या केशवाहिन्यांना धरून ठेवणारा भाग, वाढलेलं नाही एवढं सांगितलं. काँगो रेड ध्रुवीकृत प्रकाशाखाली फिरवून फिरवून पाहिला, सफरचंदी हिरवी चमक कुठेच नाही, म्हणजे अमायलॉइड बाद. ट्रायक्रोम, म्हणजे तंतू निळे दाखवणारा रंग, मात्र कामाचा ठरला. फॉर्मॅलिनमधल्या टिश्यूवर हा रंग फिका उठतो, म्हणून सेक्शन आधी गरम बुइन द्रावात ठेवला आणि पिक्रिक ॲसिडचा पिवळा रंग जाईपर्यंत वाहत्या पाण्यात धुतला. इंटरस्टिशियममध्ये (नलिकांच्या मधल्या जागेत) निळं फारसं दिसलं नाही, म्हणजे फायब्रोसिस (व्रणासारखे तंतू) कमी. आणि ऑइल इमर्जन (तेलाच्या थेंबातून बघायचं सर्वांत मोठं, १०० एक्सचं भिंग) लावल्यावर केशवाहिन्यांच्या भिंतीबाहेर बारीक लालसर ठिपके असल्यासारखं वाटलं. "असल्यासारखं वाटलं" यावर रिपोर्ट होत नाही.

मग जोन्सचा सिल्व्हर. या रंगाची मला मनापासून धास्ती आहे आणि मनापासून आवडही. परआयोडिक ॲसिड बेसमेंट मेम्ब्रेनमधल्या (केशवाहिनीच्या भिंतीतल्या पातळ पडद्यातल्या) शर्करेचे अल्डिहाइड करतं, ते अल्डिहाइड मेथेनामाइन सिल्व्हरमधल्या चांदीला खेचून धातूरूपात बसवतात, आणि मेम्ब्रेन काळी होते. रसायनशास्त्र इतकं साधं, पण चांदी कशालाही चिकटते. काचसामान ॲसिडने धुवून डिस्टिल्ड पाण्यात अनेकदा विसळायचं, चिमटा प्लॅस्टिकचाच. धातूचा चिमटा एकदा बुडला की द्रावातली चांदी भलतीकडेच बसते.

वॉटर बाथ ६० अंशांच्या आसपास. सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही. मग सेक्शन पिवळसर होतो, पुढे खाकी कागदासारखा तपकिरी, आणि तिथून पुढे घड्याळावर विसंबता येत नाही. गरम डिस्टिल्ड पाण्यात विसळून ओली स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरायची, मेम्ब्रेनची रेघ बारीक आणि सलग आहे का बघायची, नसेल तर परत आत. थोडं कमी झालं तर रेघ तुटक दिसते. थोडं जास्त झालं तर ती जाड होते आणि जे शोधतोय तेच बुजतं. बरोबर टप्प्यावर गोल्ड क्लोराइडमध्ये टोनिंग, मग सोडियम थायोसल्फेटने न बसलेली चांदी काढून टाकायची. बेंचवर टाइमर ठेवतात खरा, पण माझ्या मते सिल्व्हरमध्ये त्याचा उपयोग चहा कधी घ्यायचा एवढं ठरवायलाच.

१०० एक्सखाली मेम्ब्रेनच्या बाहेरच्या कडेला काळे बारीक काटे होते, कंगव्याच्या दातांसारखे. जिथे भिंत पृष्ठभागाला समांतर कापली गेली होती तिथे काट्यांऐवजी फिकट भोकं. भोकाच्या जागी इम्यून डिपॉझिट, म्हणजे अँटिबॉडीचे साचलेले गोळे, असतात; ते चांदी घेत नाहीत. त्यांच्या मधून मेम्ब्रेन वाढते, ती चांदी घेते. मॅडमनी डोळा न काढता विचारलं, "मेम्ब्रेनस वाटतंय. आयजीजी कुठून आणायचं?"

मेम्ब्रेनस म्हणजे केशवाहिन्यांच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेला अँटिबॉडी साचण्याचा किडनीचा आजार, आणि आयजीजी ही ती अँटिबॉडी. आता ते आयजीजी मेणातूनच आणायचं होतं. फॉर्मॅलिन प्रोटीनमध्ये आडवे बंध घालतं, टिश्यू त्यामुळेच टिकतो, आणि त्याच बंधांमुळे अँटिबॉडीला तिची जागा सापडत नाही. प्रोनेज हे एन्झाइम ते झाकण कुरतडून काढतं. मेण झायलीनने काढून, उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात आणून, सेक्शन ३७ अंशांवर प्रोनेजमध्ये. सुमारे अर्धा तास म्हणतात, पण टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये किती वेळ होता त्यावर हे बदलतं, म्हणून प्रत्येक लॅबला आपली वेळ आपणच बसवावी लागते. पचन कमी झालं तर सगळीकडे धुरकट हिरवी पार्श्वभूमी. जास्त झालं तर ग्लोमेरुलस कसर लागल्यासारखे विरतात. आधी निदान पक्कं ठाऊक असलेल्या जुन्या ब्लॉकचा सेक्शन कंट्रोल म्हणून सोबत चालवला. न रंगवलेल्या स्लाइड इथे कामाला आल्या. ब्लॉक परत चढवावा लागला नाही.

एफआयटीसी (हिरवा चमकणारा रंग) लावलेल्या अँटिबॉडी, अंधारी दमट पेटी, धुणं, आणि लगेच फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप. चमक उजेडात विझत जाते, त्यामुळे फोटो आधी आणि चर्चा नंतर. आयजीजी भिंतीवर कणाकणाने उठलं, गोठवलेल्या तुकड्यात उठतं त्यापेक्षा मंद, पण निःसंशय. कॅपा आणि लॅम्बडा (अँटिबॉडीच्या हलक्या साखळीचे दोन प्रकार) सारखेच, म्हणजे एकाच जातीच्या पेशींनी बनवलेली अँटिबॉडी नव्हे. आयजीए (दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी) नाही, सी१क्यू (अँटिबॉडीसोबत साचणारं कॉम्प्लिमेंट प्रोटीन) नाही.

सी३ (तसलंच आणखी एक प्रोटीन) सुद्धा नाही, आणि त्यावरून आमचा थोडा वाद झाला. मला वाटत होतं सरळ "निगेटिव्ह" लिहावं. मॅडमचं म्हणणं, प्रोनेजनंतर सी३ बऱ्याचदा हातचं जातं, मेम्ब्रेनसमध्ये तर आयजीजीसुद्धा हमखास उठेल असं नसतं. आपल्याकडे उठलं हे नशीब. शेवटी त्यांनी रिपोर्टमध्ये पद्धतच लिहिली: पॅराफिन सेक्शन, प्रोनेज पचनानंतर, या पद्धतीत सी३ न दिसण्यावरून ते नाही असं म्हणता येत नाही. वाचणाऱ्या नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीतज्ज्ञाला) हे वाक्य हवंच असतं.

शेवटचा रंग पीएलए२आर या प्रोटीनचा. प्रायमरी (दुसऱ्या आजारामुळे न आलेल्या) मेम्ब्रेनसच्या बहुतेक रुग्णांत शरीर याच प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, हे २००९ साली कळलं, आणि सोय अशी की हा रंग मेणातल्या टिश्यूवर चांगला चालतो. नॉर्मल किडनीतही पोडोसाइट (केशवाहिनीच्या भिंतीला बाहेरून लपेटणाऱ्या) पेशी थोड्या रंगतात, म्हणून नुसतं तपकिरी दिसलं की पॉझिटिव्ह म्हणायचं नाही. कण भिंतीच्या कडेने ओळीत हवेत. कंट्रोलशेजारी ठेवून पाहिलं तेव्हा ओळ स्पष्ट होती.

ब्लॉकमधूनच थोडा टिश्यू काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला पाठवावा का, हाही प्रश्न निघाला. तसं करता येतं. पेशींची बारीक रचना बिघडते, मेम्ब्रेनची जाडी मोजण्यालायक राहत नाही, डिपॉझिट मात्र ओळखू येतात. पण काटे दिसले होते, आयजीजी मिळालं होतं, पीएलए२आर पॉझिटिव्ह होतं. उरलेला टिश्यू खर्च करून नवं काही हाती लागणार नव्हतं, म्हणून ब्लॉक तसाच ठेवला आणि पीएलए२आरविरुद्धची अँटिबॉडी रक्तात तपासून घ्यावी अशी सूचना जोडून रिपोर्ट पाठवला.