रूट न देता: आमची वाटचाल

इतरांचे सर्व्हर सांभाळणारी आमची फर्म छोटीच आहे. सुरुवातीपासून बहुतेक ग्राहक एकाच तक्रारीने येत आले: व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक) चालू होत नाही, 'परमिशन डिनाइड' येतं. त्यावर कुणीतरी आधीच करून ठेवलेला उपायही ठरलेला. ही मशीनं सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट या सॉफ्टवेअरच्या क्यूएमू डॉट कॉन्फ फाइलीत यूझर आणि ग्रुप, दोन्हींपुढे रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूझर! मशीन लगेच चालू होतं, मग त्या ओळींकडे पुन्हा कोण बघतंय?

आम्हाला हे कधीच पटलं नाही. प्रत्येक व्हर्च्युअल मशीन म्हणजे होस्टवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, चालणारी क्यूएमू या प्रोग्रॅमची एक प्रोसेस. आतल्या कुणी तिच्यातली त्रुटी वापरून बाहेर उडी मारली, तर ती प्रोसेस ज्या यूझरची, त्याचे अधिकार त्याला आयते मिळतात. 2015 मध्ये व्हेनम नावाची त्रुटी उघड झाली, तीही फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये. रूट का नको, हे ग्राहकांना पटवायला आम्ही आजही तेच उदाहरण देतो.

बरं, खरी अडचण बहुतेकदा वेगळीच निघते. एका ग्राहकाची डिस्क इमेज (मशीनची डिस्क ज्या फाइलीत असते ती) कुणाच्या तरी होम फोल्डरमध्ये होती. मशीन चालू करताना लिबव्हर्ट इमेजची मालकी स्वतःहून बदलतं, त्यामुळे फाइल तपासली तर सगळं ठीक दिसत होतं. पण वाटेतल्या फोल्डरांना ते हात लावत नाही, आणि होम फोल्डर इतरांना बंद. 'नेमआय' कमांडने वाटेतल्या प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसली आणि अडलेली जागा सापडली. इमेज लिबव्हर्टच्या नेहमीच्या इमेजेस फोल्डरमध्ये हलवली, काम झालं. हलवणं शक्य नसेल, तर क्यूएमू ज्या यूझरखाली चालतं, त्या एकापुरता वाटेतल्या फोल्डरांचा एक्झिक्यूट बिट (आत शिरण्याची परवानगी) एसीएलने, म्हणजे यूझरनिहाय परवानगीने, देतो.

एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या स्टोरेजवर, मात्र कस लागतो. रूट स्क्वॉश (होस्टच्या रूटला स्टोरेजवर रूटचे अधिकार न देणं) असलं की लिबव्हर्टला मालकी बदलता येत नाही. तिथे आम्ही डायनॅमिक ओनरशिप, म्हणजे मालकी आपोआप बदलण्याची सोय, बंद करून मालकी स्टोरेजवरच नेमून देतो. नाव एकच असलं तरी दोन होस्टवर यूझरचा क्रमांक वेगळा असू शकतो, म्हणून आधी क्रमांक जुळवून घेतो. नाहीतर मायग्रेशन, म्हणजे मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं, अडलंच म्हणून समजा.

ग्रुपच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. केव्हीएम ही लिनक्समधली व्हर्च्युअल मशीनं चालवण्याची सोय; केव्हीएम ग्रुपमधून फक्त तिचं डिव्हाइस वापरता येतं. लिबव्हर्ट ग्रुप मिळालेला माणूस मात्र जवळजवळ रूटच झाला. "सोयीसाठी सगळ्यांना घाला ना त्यात," असं कुणी म्हटलं की आम्ही नाही म्हणतो, ग्राहक कितीही मोठा असो.

पुढचं काम मशीनं एकमेकांपासून वेगळी ठेवण्याचं. एका होस्टवरची सगळी मशीनं सहसा एकाच यूझरखाली चालतात, तेव्हा साध्या परवानग्यांनी त्यांच्यात भिंत उभी राहत नाही. ती लिबव्हर्टमधलं एसव्हर्ट उभारतं: एसईलिनक्स, म्हणजे लिनक्सची लेबलांवर चालणारी जादा सुरक्षा, प्रत्येक मशीनला आणि त्याच्या डिस्कला वेगळं लेबल लावतं. आधीच्या कुणी एसईलिनक्स बंद करून ठेवलेले होस्ट अजूनही आमच्याकडे येतात. तिथे आधी परमिसिव्ह मोडमध्ये (न अडवता फक्त नोंद होते) ऑडिट लॉगमधल्या नोंदी वाचतो, लेबलं दुरुस्त करतो आणि मगच एन्फोर्सिंग, म्हणजे खरोखर अडवणारा मोड, चालू करतो.