बा ॲडमिट झाली

बडोद्यातला मराठी माणूस घरात मराठी बोलतो, बाहेर गुजराती आणि भांडण झालं की हिंदी, त्यामुळे हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवर बसून मला भाषेची मजा वाटेनाशी झाली होती. मग ही केस आली.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, कामाला असलेल्या एका जालन्याकडच्या मुलाचा फोन. "मेरे बा को छाती में दर्द है, लेके आ रहा हूं." फोन घेणारी मुलगी गुजराती, आणि गुजरातीत बा म्हणजे आई, विषय संपला. तिने बिचारीने लगेच फाईल उघडली, आडनाव टाकलं, रिलेशन मदर, जेंडर फिमेल, लेडीज वॉर्डात बेड धरला, लेबलंसुद्धा छापून ठेवली. तत्परतेला नाव ठेवायला जागा नाही. रिक्षातून उतरला तो धोतर-टोपीतला, भरघोस मिशांचा म्हातारा. वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन रिक्षात डोकावतोय, "बा क्यां छे?" आणि मुलगा त्याच्यावरच खेकसतोय, "हे काय, बा!"

सगळे हसले, ईसीजी झाला, रक्त घेतलं आणि ते त्याच छापलेल्या लेबलांवर लॅबला गेलं. तिथे हसू संपलं. प्री-ऑथला, म्हणजे विम्याच्या आगाऊ मंजुरीच्या अर्जाला, जोडायला रिपोर्ट माझ्याकडे आला, हिमोग्लोबिन १२.४, शेजारी काही खूण नाही, म्हणजे नॉर्मल. पण बाईची खालची मर्यादा १२ आणि पुरुषाची १३! लॅबमध्ये जाऊन जेंडर बदलून घेतलं तर तोच आकडा 'लो' म्हणून ठळक झाला, आणि क्रिएटिनिनवरून किडनीचं जे गणित काढतात त्यातही स्त्री-पुरुष धरतात म्हणून तो आकडाही हलला. डॉक्टर शांत, म्हणाले माणूस मिशांसकट समोर असताना मी कागदावरचा एफ कशाला बघू. तरी छातीत दुखणाऱ्या माणसाचं रक्त कमी असणं ही दुर्लक्ष करायची गोष्ट नाही म्हणून आयर्नच्या टेस्ट लिहिल्याच त्यांनी.

मग टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेची, क्वेरी. पॉलिसीत फादर, रिक्वेस्टमध्ये मदर, खुलासा करा. आता हा खुलासा इंग्रजीत कसा लिहायचा तुम्हीच सांगा! कस्तुरबांचं उदाहरण द्यावं असं मनात आलं होतं, नाव कस्तुर आणि पुढे बा, सगळा देश त्यांना बा म्हणायचा आणि गांधीजींना बापू, म्हणजे एकाच घरात बा आई आणि बापू वडील. आपल्याकडे खेड्यात आई-बा म्हटलं की बा म्हणजे बाप, जुन्या प्राकृतातला बप्प. आणि आपण तरी कुठे एका बाजूला आहोत, बाप आणि बाबा म्हणतो तसं बाई आणि बायही म्हणतोच की.

अप्रूव्हलची वाट बघत बसलो होतो तेव्हा आयसीयूची केरळी सिस्टर म्हणाली आमच्याकडे वा म्हणजे ये. तमिळमध्येही वा, आणि कन्नडमध्ये त्याच वा चा बा होतो, म्हणजे बंगळुरूत कुणी "बा" म्हटलं तर बाप शोधू नका, उठून जा. ही तिन्ही खरी भावंडं, आपल्या बाशी त्यांचं नातं नाही. फारसीतला बा म्हणजे सहित, बाकायदा मधला, आणि नेमकं बाकायदा असं आमच्या फाईलमध्ये काही नव्हतं. चिनीत सूर बदलला की बा कधी आठ होतो कधी बाप, आणि दक्षिण व्हिएतनाममध्ये तर सूर न बदलताच बा म्हणजे तीन पण आणि बाप पण.

रोमन याकबसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास याचं कारण मांडलं होतं, की ओठ मिटून उघडले की बाळाच्या तोंडून बा, पा, मा असंच काहीतरी निघतं आणि जवळ असलेलं मोठं माणूस ते आपलंच नाव समजून घेतं. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे बाप, आई म्हणजे देदा. तिथला पेशंट आला तर आमचं सॉफ्टवेअर काय करेल देव जाणे. याच गावात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली आठ भाषांतला कारभाराच्या शब्दांचा कोश काढून घेतला होता, आणि आम्हाला दोन भाषांतला बा झेपेना.

शेवटी आधार कार्ड जोडून "क्लेरिकल करेक्शन" एवढंच लिहिलं आणि संध्याकाळी अप्रूव्हल आलं. सांगायला मेल वॉर्डात गेलो तर गुजराती सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन म्हाताऱ्याला विचारत होती, "दादा, दवा लीधी?" गुजरातीत दादा म्हणजे आजोबा. मोबाईलमध्ये तोंड घातलेला मुलगा दचकून उठला, "मला कशाची दवा?"