आभाराचा कागद

रविवार, रात्री अकरा.

आमच्या चर्चच्या वर्धापनदिनाची उपासना आटोपून घरी आलो, तेव्हा आभाराचा कागद शर्टाच्या खिशात तसाच होता. त्यावर सतरा नावे आहेत. मी ती दोनदा मोजली. मांडववाला आहे, स्पीकरवाला आहे, प्रीतिभोजनासाठी तांदूळ देणारे आहेत, टेम्पोतून खुर्च्या उतरवून घेणारी तरुण संघाची मुलेही आहेत. मास्तरचे नाव नाही.

विसरलो म्हणावे, तर माझी स्मरणशक्ती आज फार चांगली चालत होती. अमेरिकन मिशनने 1831 साली अहमदनगरात काम सुरू केले तिथून मी आरंभ केला आणि मुलींच्या शाळा चालवणाऱ्या मिशनरी फरारबाई 1862 साली याच गावात वारल्या हेही कागदाकडे न पाहता सांगितले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी गेलेल्या बाईंचे साल मला तोंडपाठ, आणि माझ्यापासून दोन हातांवर पेटीवर बसलेला माणूस मला दिसला नाही. त्या पेटीची एक पट्टी दाबली की खालीच राहते. मास्तर ती अंगठ्याने अलगद वर उचलतो आणि त्याच हाताने पुढचा सूर गाठतो, त्यामुळे भजन अडत नाही आणि कोणाला काही कळतही नाही. मला कळते. लहानपणापासून मी त्याच्या शेजारी बसून टाळ वाजवत आलो आहे.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण उपासनेनंतर दाराशी सलाम घेताना त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "आज छान बोललास रे. बापू असते तर खूश झाले असते." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते, मला निदान रागावता आले असते.

तेव्हापासून ही चुटपुट जात नाही. मघाशी मनात असेही आले की माझे तरी आभार कोण मानतो? इतकी वर्षे हिशेब, नोटिसा, पाळकसाहेबांच्या गाड्यांची तिकिटे, आणि गेल्या निवडणुकीत जे झाले ते तर लिहूच नये. पण हे सगळे मनात घोळवत असतानाच ध्यानात आले की याही खेपेला दुखणे मास्तरचे आणि कण्हणे माझे चालले आहे.

माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा पुष्कळ जण येऊन गेले. विश्वास ठेवा, प्रभूची काही योजना असेल, असे सांगून गेले. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. मास्तरने एकही वचन सांगितले नाही. कामावरून सुटला की तो थर्मासमध्ये चहा घेऊन यायचा, बाकड्यावर बसायचा आणि म्हणायचा, "तू आडवा हो, मी जागा आहे." त्या रात्रींबद्दल आज अधिक नको.

झोप येईना म्हणून बायबलातल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढला. नुसती नावेच आहेत म्हणून आम्ही तो वाचनात नेहमी गाळतो. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने तोवर रोम पाहिलेदेखील नव्हते, तरी तिथल्या कोणी काय केले हे त्याला नेमके ठाऊक आहे: प्रिस्क आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी आपली मान धोक्यात घातली, पर्सिसने पुष्कळ श्रम केले, रूफाची आई त्यालाही आईसारखी झाली, आणि यांना सलाम सांगा, त्यांना सलाम सांगा, असे तो थकेपर्यंत सांगत राहतो. माझ्या कागदावर माणसांपुढे तांदूळ आणि खुर्च्या आहेत. त्यातही गंमत अशी की पत्र लिहून घेणारा तर्तिय मध्येच स्वतःचाही सलाम घालून मोकळा होतो. सेक्रेटरीने आपले नाव घुसवण्याची प्रथा इतकी जुनी आहे हे पाहून मला एकट्यालाच हसू आले, कारण माझ्या यादीत सोळावे नाव "सेक्रेटरी या नात्याने मी स्वतः" असे आहे.

शेवटी न राहवून मास्तरला फोन लावला. तो जागाच होता. मी म्हणालो, "अरे, आज तुझे नाव…" तेवढ्यात तो म्हणाला, "बरे झाले फोन केलास, पेटीचा भाता फाटत आलाय, कमिटीत दुरुस्तीचे तेवढे पास करून घे." मी होय म्हणालो. ती खाली राहणारी पट्टीही करून घे म्हणालो. "तिचे राहू दे, तिची सवय झालीय," तो म्हणाला. मग मी त्याला पावती न विसरता आणायला सांगितली, आणि फोन ठेवला.

पावती. एवढेच सुचले मला.