सीव्हीव्हीचा रकाना

मालवण-तारकर्ली पट्ट्यातल्या छोट्या रिसॉर्टांचे कॉम्प्युटर आणि बुकिंगची सॉफ्टवेअरं सांभाळणं हा माझा धंदा. बँकेकडून पीसीआयचा, म्हणजे कार्डाच्या माहितीच्या सुरक्षेचा, फॉर्म आला की मालकांचा फोन ठरलेला. परवा एक काका म्हणाले, "गो बाय, ता एन्क्रिप्शन काय असता ता एकदा टाकून दी."

मी म्हटलं, काका, आधी तुमच्याकडे काय काय साठलंय ते बघू.

स्वाइप मशीनची मला फारशी काळजी नव्हती. त्यांच्या मशीनमध्ये कार्डाचा नंबर आतच एन्क्रिप्ट होतो, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलतो, आणि तसाच बाहेर पडतो, हॉटेलच्या वायफायवरून गेला तरी तो वाचता येत नाही. घोळ असतो तो मशीनला वळसा घालून येणाऱ्या कार्डांचा. सीझनमध्ये फोनवर बुकिंग घेताना ॲडव्हान्ससाठी नंबर लिहून घ्यायचा, परदेशी पाहुण्याकडून कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचा, पासपोर्टबरोबर कार्डाचीही झेरॉक्स काढून फाइलला लावायची, हे इकडे सर्रास चालतं. परदेशी पाहुण्याची सरकारकडे नोंद करायला पासपोर्ट लागतो, हे ठीक. कार्डाची झेरॉक्स कोणीही मागितलेली नाही.

काकांच्या रिसेप्शनवरच्या एक्सेलमध्ये नाव, खोली, कार्ड नंबर, एक्सपायरी आणि चक्क सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावरचा गुप्त पडताळणी आकडा, असे रकाने होते. "पासवर्ड आसा तेका," काका म्हणाले. होता खरा. आणि हल्लीच्या एक्सेलला फाइल उघडण्याचा पासवर्ड घातला की ती खरोखरच एन्क्रिप्ट होते, हेही मान्य. पण तो पासवर्ड मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर होता, आणि फाइल सकाळी उघडली की रात्रीपर्यंत उघडीच. अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केल्याचंही तेच: लॉगिन झालं की सगळं साधं वाचता येतं. म्हणूनच पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीत, ३१ मार्च २०२५ पासून, कॉम्प्युटरमधल्या कार्ड नंबरांसाठी नुसतं डिस्कचं एन्क्रिप्शन पुरेसं धरत नाहीत.

सीव्हीव्हीचा तर प्रश्नच नाही. व्यवहार मंजूर झाल्यावर दुकानदाराने तो ठेवायचाच नाही. एन्क्रिप्ट करूनही नाही. वहीतही नाही.

नंबराबाबत आपल्याकडे रिझर्व्ह बँक आणखी कडक आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन व्यवहारांतले कार्डाचे तपशील फक्त कार्ड देणारी बँक आणि व्हिसा-मास्टरकार्डसारखं नेटवर्क यांनीच साठवायचे. दुकानदाराला हिशेब जुळवायला शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं, बाकी टोकनवर, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी वापरायच्या पर्यायी नंबरावर, चालतं. मला हा नियम आवडतो, कारण जे जवळच नाही त्याची चावी सांभाळावी लागत नाही.

मग आम्ही शोधायला बसलो. सोळा आकडी नंबर हुडकणारी एक छोटी स्क्रिप्ट माझ्याकडे आहे. ती लून पद्धतीने पडताळते: उजवीकडून दर दुसरा आकडा दुप्पट करायचा, उत्तर दोन आकडी आलं तर त्यातून नऊ वजा करायचे, सगळ्यांची बेरीज दहाने भागली गेली पाहिजे. कुठल्याही सोळा आकड्यांपैकी साधारण दहात एक यातून निसटतोच, त्यामुळे भलतेसलते नंबरही सापडतात आणि डोळ्यांनी निवडावे लागतात. खरे नंबर निघाले ते डाउनलोड्समध्ये, रिसायकल बिनमध्ये आणि काकांच्या भाच्याने घेतलेल्या पेन ड्राइव्हच्या बॅकअपमध्ये. फोटोंतले नंबर स्क्रिप्टला दिसत नाहीत, ते काकांनी आणि मी एकेक उघडून पुसले. झेरॉक्सच्या फायली काकूंनी चुलीत घातल्या. चांगला श्रेडर कणकवलीहून मागवायचा म्हणत होते, पण काकूंना दम निघाला नाही.

आता ॲडव्हान्ससाठी पेमेंट लिंक जाते. पाहुणा आपल्या फोनवर नंबर टाकतो, काकांच्या हाती फक्त पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो. फॉर्मही त्यामुळे बराच आखूड झाला.

अडलं ते कॉल रेकॉर्ड करणाऱ्या ॲपवर, कारण फोनवर सांगितलेला नंबर त्यातही साठतो. ते ॲप काढायला काका तयार नाहीत, किती माणसांचं जेवण सांगितलं होतं यावरून भांडणं होतात म्हणे. तेव्हा जुनी रेकॉर्डिंगं पुसली आणि पोराला सांगून ठेवलं, की कोणी फोनवर नंबर सांगायला लागला तर मध्येच तोडून म्हणायचं, "थांबा, लिंक पाठवतो."