गीझरखालचा मग

गेले काही दिवस मी गीझरखाली एक मग ठेवून निश्चिंत होतो; आज पहाटे तो भरून वाहिला आणि न्हाणीघराची फरशी ओलीचिंब झाली.

पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे ठिबकणे हा बिघाड नसतो, या ज्ञानाचा मला जरा अभिमानच होता. २० अंश सेल्सिअसचे पाणी ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे दीड टक्का प्रसरण पावते, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत जवळजवळ ३८० मिलिलिटर पाण्याला बाहेरची वाट हवी असते. मात्र आमचा गीझर रात्रभर बंद असूनही गळत होता आणि मगाच्या तळाशी तांबूस गाळ साचला होता, याकडे मी सोयिस्कर काणाडोळा केला होता.

आधी मेन स्विच बंद केला, मग पाण्याचा कॉक (वर्षानुवर्षे कोणी हात न लावल्यामुळे त्यानेही पुरेसे आढेवेढे घेतले). दुपारी आलेल्या कारागिराने टाकी रिकामी करून खालची चकती उघडली आणि आतली मॅग्नेशियमची कांडी माझ्या हातात दिली. ही कांडी स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. आमच्या कांडीची जेमतेम एक तार उरली होती आणि तिच्यावर खडूसारखा भुगा चिकटला होता. “ही वेळेवर बदलली असती, तर टाकी टिकली असती,” ते म्हणाले. नुसते गॅस्केट (चकतीच्या जोडातले रबरी सील) गेले असते तर काम तासाभरात आटोपले असते, पण छिद्र टाकीलाच पडले आहे.

नवा गीझर परवा बसेल. तोवर स्वयंपाकघरातून गरम पाण्याची पातेली वाहणे आले.